तुमच्या फोनमधल्या स्लो-मोचा खापरपणजोबा: एडवर्ड मायब्रिज

फोनचा कॅमेरा उघडा आणि स्लो-मोवर या. सेटिंगमध्ये गेलात तर बहुतेक फोनमध्ये १२० किंवा २४० एफपीएस असा आकडा सापडेल. म्हणजे एका सेकंदात तेवढ्या फ्रेम, तेवढे फोटो. व्हिडिओ म्हणजे ओळीने लावलेले फोटोच, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण वेगवान हालचाल अशी फोटोंमध्ये कापायची, मग एकेक फोटो शांतपणे बघायचा आणि डोळ्याला जे कधीच दिसलं नव्हतं ते पकडायचं, हे काम जगाला ठसठशीतपणे करून दाखवलं गेलं ते १८७८ साली. करणारा माणूस हट्टी होता, विक्षिप्त होता, आणि त्याच्या हातून तोपर्यंत एक खूनही झालेला होता.

आज त्याची गोष्ट सांगते. सिनेमाच्या इतिहासात एडवर्ड मायब्रिज हे नाव हमखास येतं, पण मला तो भेटला रोइंगमुळे.

रोइंग म्हणजे नौकानयन. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लांब, अरुंद होडी, आत रुळांवर पुढेमागे सरकणारी सीट, पाय एका फळीला बांधलेले, आणि आपलं तोंड होडीच्या मागच्या टोकाकडे. वल्ह्याचं पातं पाण्यात घालायचा क्षण म्हणजे कॅच. मग आधी पायांनी ढकलायचं, त्यामागून पाठ उघडायची, सगळ्यात शेवटी हात ओढायचे, हा ड्राइव्ह. पातं बाहेर काढलं की फिनिश. आणि पुढच्या कॅचसाठी परत सरकत यायचं ती रिकव्हरी. मिनिटाला ३० स्ट्रोक मारत असाल तर हे सगळं दोन सेकंदांत उरकतं. त्यातला पातं पाण्यात शिरायचा भाग तर जेमतेम सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा.

आता होतं काय, की किनाऱ्यावरून सर ओरडतात, पाठ आधी उघडतेय! आणि होडीतल्या पोराला शंभर टक्के वाटत असतं की आपण पायच आधी लावलेत. दोघंही खोटं बोलत नाहीत. फक्त एवढ्या वेगात काय आधी घडलं आणि काय नंतर, हे ना सरांच्या डोळ्याला पक्कं कळतं ना त्या पोराच्या अंगाला. तोंडी हा वाद कितीही वेळ चालू शकतो. फोन काढून २४० एफपीएसवर एक स्ट्रोक शूट केला की दोन मिनिटांत मिटतो. (पाण्याजवळ फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये आणि दोरी गळ्यात, हे कृपया लक्षात ठेवा.)

आणि हा खेळ काही फक्त गोऱ्या लोकांचा नाही बरं का. पुण्यात संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजचा जुना बोट क्लब आहे. लष्कराचं रोइंगचं केंद्रही पुण्यातच. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ तिथेच तयार झाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्स प्रकारात १३ वा आला. असो, आपण मायब्रिजकडे येऊ.

थेम्सकाठचा मुलगा

जन्म ९ एप्रिल १८३०, इंग्लंडमधल्या किंग्स्टन अपॉन थेम्स गावात. त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८२९ मध्ये, याच थेम्स नदीवर हेन्लीला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पहिली बोट रेस झाली होती. घर नदीजवळ, वडिलांचा धान्याचा आणि कोळशाचा व्यापार. मूळ नाव एडवर्ड जेम्स मगरिज. पुढे त्याने आडनाव दोनदा बदललं आणि शेवटी मायब्रिजवर थांबला. पहिल्या नावाचं स्पेलिंगही जुन्या सॅक्सन राजांसारखं करून घेतलं. किंग्स्टनमध्ये त्या राजांच्या राज्याभिषेकाचा म्हणून एक दगड आहे, त्यावर तसं स्पेलिंग कोरलेलं आहे. युजरनेम बदलत राहणारे लोक तेव्हाही होते, एवढंच म्हणते.

तरुणपणी तो अमेरिकेला गेला आणि १८५५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकविक्रेता झाला. कॅमेऱ्याशी अजून फारसा संबंध नाही. १८६० मध्ये तो घोडागाडीने देश ओलांडून निघाला असताना टेक्सासमध्ये गाडी उलटली. डोक्याला जबर मार बसला. त्यानंतर बरेच दिवस त्याला प्रत्येक गोष्ट दोन-दोन दिसायची, वास आणि चव गेली होती. उपचारांसाठी तो इंग्लंडला परतला, आणि या मधल्या काळातच तो फोटोग्राफी शिकला. पुढे जगाला नीट बघायला लावणाऱ्या माणसाला स्वतःला काही काळ एकाच्या जागी दोन दिसत होते, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात चमत्कारिक वाटतं.

१८६७ च्या आसपास तो पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत आला तो फोटोग्राफर म्हणून. हेलिओस या नावाने योसेमिटीच्या दऱ्यांचे फोटो काढले, अमेरिकी सरकारसाठी अलास्काला जाऊन आला. हे काम सोपं नव्हतं. तेव्हा काच ओल्या रसायनाने माखायची, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे डार्करूम पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. अशा फोटोत हलणारी वस्तू यायची ती धूसर, नाहीतर यायचीच नाही. धबधब्याचं पाणी तर कापसासारखं दिसायचं.

अशा माणसाला १८७२ मध्ये लेलंड स्टॅनफर्डने बोलावलं. हा कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, रेल्वे कंपनीचा मालक, बक्कळ श्रीमंत आणि घोड्यांचा वेडा. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: घोडा वेगात धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का?

इंटरनेटवर तुम्ही वाचलं असेल की स्टॅनफर्डने यावर २५ हजार डॉलरची पैज लावली होती. ही गोष्ट भारी आहे, पण तिला पुरावा मिळालेला नाही. पैज नसतानाही प्रश्न चांगलाच होता. हजारो वर्षं माणूस घोड्यावर बसत आला होता, घोडा विकत घेत होता, घोड्यावरून लढत होता, आणि तरी त्याचे पाय कसे पडतात हे कुणालाच ठाम सांगता येत नव्हतं. चित्रकार धावता घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, उडणाऱ्या सशासारखा.

१८७३ मध्ये मायब्रिजने स्टॅनफर्डच्या ऑक्सिडेंट नावाच्या घोड्याचे काही धूसर फोटो काढले. काम पुढे जाणार, तेवढ्यात दुसरंच घडलं.

१७ ऑक्टोबर १८७४

हा भाग गाळून मायब्रिजची गोष्ट सांगणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही.

मायब्रिजने १८७१ च्या सुमारास फ्लोरा नावाच्या, वयाने खूप लहान मुलीशी लग्न केलं होतं. तो महिनोन्महिने फोटोंसाठी बाहेर असायचा. १८७४ मध्ये त्यांना मुलगा झाला, फ्लोराडो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मायब्रिजच्या हाती बाळाचा एक फोटो लागला, ज्याच्या मागे फ्लोराने हॅरी असं लिहिलं होतं. हॅरी लार्किन्स हा फ्लोराचा मित्र. मायब्रिज बोटीने, मग रेल्वेने, मग घोडागाडीने रात्रीपर्यंत प्रवास करत कॅलिस्टोगाजवळच्या एका खाणीवर पोहोचला, लार्किन्सला दारात बोलावलं आणि गोळी घातली. लार्किन्स तिथेच मेला.

१८७५ च्या फेब्रुवारीत नापा इथे खटला चालला. वकिलांनी डोक्याच्या जुन्या जखमेमुळे तो वेडसर झाल्याचा मुद्दा मांडला, ओळखीच्यांनी येऊन साक्षी दिल्या की अपघातानंतर हा माणूस बदलला. ज्यूरीने वेडाचा मुद्दा मानला नाही, तरी त्याला सोडून दिलं. बायकोच्या प्रियकराला मारणं त्या बारा पुरुषांना समर्थनीय वाटलं, साधा अर्थ एवढाच. त्याच वर्षी जुलैत फ्लोरा आजारपणात वारली. मायब्रिज तेव्हा मध्य अमेरिकेत फोटो काढत होता. मुलगा अनाथाश्रमात वाढला. फ्रेमन् फ्रेम तपासणाऱ्या या माणसाने त्या मुलाकडे मात्र फारसं पाहिलं नाही.

एक दोरा, एक झडप, एक फोटो

परत आल्यावर काम पुन्हा सुरू झालं, या वेळी स्टॅनफर्डच्या पालो अल्टोतल्या घोड्यांच्या फार्मवर. (त्याच जमिनीवर पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीचा हा पहिला स्टार्टअप घोड्यांच्या तबेल्यात झाला म्हणायला हरकत नाही.)

मायब्रिजने ट्रॅकच्या एका बाजूला ओळीने १२ कॅमेरे मांडले. दोन कॅमेऱ्यांत अंतर २७ इंच, म्हणजे साधारण ६९ सेंटिमीटर. ट्रॅकवर आडवे दोरे ताणले. घोडा पुढे आला की त्याच्या छातीने दोरा ओढला जायचा, विजेचं सर्किट पूर्ण व्हायचं आणि त्या कॅमेऱ्याची झडप झटकन पडायची. मग पुढचा दोरा, पुढचा कॅमेरा. ही विजेची यंत्रणा बसवण्यात जॉन आयझॅक्स नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरचा मोठा हात होता. समोरच्या बाजूला पांढरी पार्श्वभूमी उभी केली, कॅलिफोर्नियाचं कडक ऊन तिच्यावरून परत फिरावं म्हणून. ओल्या काचेला मिळेल तेवढा उजेड हवा होता.

जून १८७८ मध्ये पत्रकारांना बोलावून हे करून दाखवलं. सॅली गार्डनर नावाची घोडी सुसाट धावत गेली, बारा झडपा पडल्या, तिथल्या तिथे काचा धुतल्या. धावताना घोडीच्या खोगिराचा पट्टा तुटला होता, आणि लोंबणारा पट्टा फोटोत स्पष्ट दिसत होता. फोटोत हातचलाखी असेल अशी शंका ज्यांना होती, त्यांचं तोंड या पट्ट्याने बंद केलं.

उत्तर काय आलं? हो, चारही पाय सुटतात. पण चित्रकार काढायचे तसे ताणलेले असताना नाही. पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा. म्हणजे ज्यांना पाय सुटतात असं वाटत होतं तेही, कधी सुटतात याबाबतीत चुकत होते.

या फोटोंचं छापील कार्ड निघालं, त्यावर आकडे दिलेत: दोन फोटोंमधला वेळ साधारण एक पंचविसांश सेकंद, आणि प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा कमी. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि हीच गोष्ट फोनवर शूट करणारे सगळ्यात जास्त विसरतात, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला आकडा म्हणजे फ्रेम रेट. मायब्रिजचा २५ एफपीएस धरा. तुमच्या फोनचा साधा व्हिडिओ ३० चा असतो, म्हणजे त्याच्यापेक्षा फार पुढे नाही. दुसरा आकडा म्हणजे शटर स्पीड, एकेक फ्रेम किती वेळ उघडी राहिली तो. सॅली सेकंदाला साधारण १६ मीटर पळत होती. दोन हजारावा भाग म्हणजे फोटो निघेपर्यंत ती जेमतेम ८ मिलिमीटर सरकली. म्हणून पाय खणखणीत आले. फ्रेम कमी असल्या तरी चालतं, फ्रेम धूसर असेल तर तिचा उपयोग शून्य.

आता रोइंग. दोन किलोमीटर सात मिनिटांत मारणारी होडी सेकंदाला पावणेपाच मीटरच्या आसपास जाते. रोइंग असतं पहाटे, कारण तेव्हा वारा नसतो आणि पाणी सपाट असतं. पण पहाटे उजेडही नसतो. ऑटो मोडवरचा फोन काय करतो? उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समजा सेकंदाचा साठावा भाग ठेवलं. तेवढ्यात होडी ८ सेंटिमीटर पुढे गेली, आणि हवेतून पुढे येणारं पातं त्याहून जास्त. मग कॅचच्या जागी फक्त एक राखाडी पट्टा दिसतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर हजारावर न्या, होडी अर्धाच सेंटिमीटर सरकेल. चित्र थोडं काळपट, दाणेदार येईल. येऊ द्या. इन्स्टावर टाकायचं नाहीये, पाठीचा कोन बघायचाय. स्लो-मोवर मात्र हा ताण आपोआप थोडा कमी होतो: २४० एफपीएसवर एक फ्रेम सेकंदाच्या २४० व्या भागापेक्षा जास्त उघडी राहूच शकत नाही.

बारा कॅमेरेच का?

एक कॅमेरा मध्ये ठेवून मान वळवत का नाही शूट केलं? तेव्हाच्या काचेवर एकामागोमाग फोटो घेता येत नव्हते, हे खरं कारण. पण त्यातून एक फुकटचा फायदा झाला. बाराही फोटोंत घोडी साधारण कॅमेऱ्याच्या काटकोनातच आहे. त्यामुळे एका फोटोतला पाय दुसऱ्या फोटोतल्या पायाशी सरळ ताडून बघता येतो.

किनाऱ्यावर उभं राहून होडीचा व्हिडिओ काढला की हे बिघडतं. होडी लांबून येताना तिरकी दिसते, मग समोर येते, मग पुन्हा तिरकी. तिरक्या कोनातून पाठीचा कल असतो त्यापेक्षा वेगळा दिसतो, वल्ह्याची पोहोच आखूड किंवा लांब भासते. तेव्हा होडी अगदी समोर असतानाचा एखादा स्ट्रोकच कोन मोजायला वापरायचा, बाकीचा व्हिडिओ फक्त लय बघायला. दुसरा उपाय म्हणजे मोटरबोटीतून होडीच्या बाजूने त्याच वेगाने जात शूट करणं. हाच मायब्रिजचा बारा कॅमेऱ्यांचा डाव, फक्त एका फोनमध्ये. मोटरबोटीची लाट होडीला लागणार नाही एवढं अंतर ठेवा, नाहीतर दोष लाटेचा आणि बोलणी पोराला.

दुसरी गोष्ट, त्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभ्या रेघा होत्या २७ इंचांवर, आणि आडव्या रेघा ४ इंचांवर. म्हणजे फोटोतच फूटपट्टी. पाय जमिनीपासून किती वर होता हे अंदाजाने नाही, मोजून सांगता यायचं. पाण्यावर रेघा कुठून आणणार? पण होडी स्वतःच फूटपट्टी आहे. सिंगल स्कलची लांबी साधारण ८ मीटर, आपल्या होडीची नेमकी मोजून ठेवा. होडीच्या बाजूला दर मीटरला रंगीत टेपची खूण करा. वल्हं किती मागपर्यंत पोहोचलं, पातं पाण्यापासून किती वर उचललं, हे मग स्क्रीनवर बोटाने मोजता येतं.

आणि मग काय शोधायचं? मी मुलांना तीनच फ्रेम थांबवून बघायला सांगते. पहिली, सीट मागे सरकायला लागते ती. दुसरी, पातं पूर्ण पाण्यात झाकलं जातं ती. या दोघींच्या मधल्या फ्रेम मोजा. पातं झाकायच्या आधीच सीट बरीच मागे गेली असेल तर पायांचा जोर हवेत गेला. २४० एफपीएसवर २४ फ्रेमचा फरक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, आणि तो प्रत्येक स्ट्रोकला जातोय. तिसरी फ्रेम, कोपर वाकायला सुरुवात होते ती. तेव्हा पाय सरळ व्हायला आलेले हवेत. गुडघे अजून वाकलेले आणि कोपरही वाकलेलं, म्हणजे हातांनी घाई केली. सर काय म्हणतात, पोरगं काय म्हणतं, हे आता बाजूला राहिलं. दोघंही एकाच फ्रेमकडे बोट दाखवून बोलतात, आणि आवाज आपोआप खाली येतो.

नाव कुणाचं?

घोड्याचे फोटो जगभर गेले. मायब्रिजने काचेच्या फिरत्या तबकड्यांवर ती चित्रं उतरवून पडद्यावर हलती दाखवणारं यंत्र बनवलं, झूप्रॅक्सिस्कोप. १८८१ मध्ये तो पॅरिसला गेला, तिथे एत्येन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाला भेटला. मारेचा जन्मही १८३० चा. दोघांचं एका बाबतीत जमत नव्हतं. मायब्रिजचे दोरे घोडा तोडायचा, त्यामुळे फोटो सारख्या अंतरावर निघायचे, सारख्या वेळाने नाही. मारेला वेळ समान हवी होती. १८८२ मध्ये त्याने बंदुकीसारखा कॅमेरा केला, सेकंदाला १२ फोटो काढणारा. पुढे माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या रेघा लावल्या आणि फक्त त्या रेघांची हालचाल टिपली. गेम आणि सिनेमातलं मोशन कॅप्चर याच वाटेवरचं.

रोइंगच्या बाबतीत मी मारेच्या बाजूची. होडीचा वेग एका स्ट्रोकमध्ये सारखा नसतोच. सिंगल स्कलचं वजन कमीत कमी १४ किलो, माणूस ७०-८० किलोचा. रिकव्हरीत हा माणूस मागच्या टोकाकडे सरकतो तेव्हा हलकी होडी त्याच्याखालून पुढे पळते, आणि कॅचनंतर लगेच ती सगळ्यात हळू असते. इथे सारख्या अंतरावर फोटो काढले असते तर वेळेचा हिशोबच चुकला असता. फोनमधल्या फ्रेम साधारण समान वेळाने येतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या एखाद्या खांबासमोरून होडी दर फ्रेमला किती सरकली हे बघून हा चढउतारही दिसतो.

मार्च १८८२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायब्रिजने भाषण दिलं, श्रोत्यांत इंग्लंडचा युवराज. आयुष्यातला सर्वोच्च क्षण. आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या पैशाने द हॉर्स इन मोशन हे पुस्तक निघालं. लेखक म्हणून नाव डॉ. स्टिलमन यांचं. मायब्रिजचा उल्लेख कामावर ठेवलेल्या फोटोग्राफरसारखा. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापायचं ठरवलं होतं, हे पुस्तक बघून त्यांनी माघार घेतली. हा माणूस दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगतोय असाच समज झाला. मायब्रिजने स्टॅनफर्डवर खटला भरला आणि तो हरला. पैसे स्टॅनफर्डचे, घोडे स्टॅनफर्डचे, वायरिंग आयझॅक्सची, हे सगळं खरं. पण बारा काचांवर ते पाय उमटवण्याची करामत मायब्रिजची होती, आणि पुस्तकात तेवढीच झाकली गेली. खुनातून सुटलेल्या माणसाबद्दल सहानुभूती वाटणं मला जड जातं, तरी इथे वाटते.

त्याला आधार मिळाला फिलाडेल्फियात. तिथला चित्रकार थॉमस एकिन्स त्याच्या फोटोंवर खूश होता. एकिन्स म्हणजे रोइंगचा चित्रकार. स्कूलकिल नदीवर सिंगल स्कलमध्ये बसलेल्या मॅक्स श्मिट या आपल्या मित्राचं त्याचं १८७१ चं चित्र प्रसिद्ध आहे, आणि मागच्या एका होडीत त्याने स्वतःलाही काढलंय. पाण्यावरचं होडीचं प्रतिबिंब बरोबर पडावं म्हणून हा माणूस आधी इंजिनिअरसारखे नकाशे आखायचा. मायब्रिजला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम मिळवून देणाऱ्यांत तो होता, गंमत म्हणजे पद्धत मात्र त्याला मारेचीच जास्त पटली.

१८८४ पासून मायब्रिजने विद्यापीठात जे काम केलं त्याला तोड नाही. आता ओल्या काचांऐवजी जास्त वेगवान कोरड्या काचा होत्या, दोऱ्यांऐवजी घड्याळासारखं यंत्र झडपा पाडायचं, आणि बाजूच्या रांगेबरोबर पुढून-मागून तिरक्या कोनातूनही कॅमेरे. विद्यापीठाचे खेळाडू, जिने चढणाऱ्या बायका, लहान मुलं, प्राणिसंग्रहालयातले प्राणी, चालण्यात दोष असलेले रुग्ण, सगळे कॅमेऱ्यासमोर आले. फिलाडेल्फियात तेव्हा क्रिकेट जोरात होतं, त्यामुळे बॅटिंग आणि बोलिंगच्याही प्लेट्स आहेत. पन्नाशी उलटलेला मायब्रिज स्वतःही उघडाबंब उभा राहून कुदळ मारताना दिसतो. १८८७ मध्ये अॅनिमल लोकोमोशन प्रसिद्ध झालं, एकूण ७८१ प्लेट्स.

एक गोष्ट सांगायलाच हवी. नंतरच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की काही प्लेट्समध्ये मधले फोटो गायब आहेत, किंवा क्रम जुळवून घेतलेला आहे. कॅमेरा बिघडला, काच खराब झाली, तर त्याने ओळ दिसायला पूर्ण करून टाकली. चित्रकाराला चालेल, पण हालचाल मोजणाऱ्याला नाही. आजही टीमच्या ग्रुपवर चांगल्या दिसणाऱ्या तीन सेकंदांची कापलेली क्लिप येते तेव्हा मला या प्लेट्स आठवतात. निवडीसाठी व्हिडिओ मागणारे कोच असतील तर त्यांनी सलग दोन मिनिटांचा, न कापलेला मागावा. दमल्यावर विसाव्या स्ट्रोकला पाठ काय करते ते महत्त्वाचं.

१८८८ च्या फेब्रुवारीत मायब्रिज एडिसनला भेटला. त्यानंतर काहीच वर्षांत एडिसनकडे फिल्मवर चालणारी यंत्रं तयार झाली, आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मायब्रिजने स्वतंत्र हॉल घेऊन तबकड्या दाखवल्या तेव्हा त्या जुन्या वाटायला लागल्या होत्या. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात आले. १८९९ मध्ये आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावे दादांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कॅमेरा लावला आणि शूट काय केलं? कुस्ती. हलती चित्रं हाती आली की माणूस आधी खेळ शूट करतो, पालो अल्टो असो की मलबार हिल.

मायब्रिज तोवर इंग्लंडला, आपल्या किंग्स्टनला परतला होता. जुन्या प्लेट्समधून निवडून दोन पुस्तकं काढली, १८९९ मध्ये प्राण्यांवरचं आणि १९०१ मध्ये माणसांवरचं. ही दोन्ही पुस्तकं अॅनिमेशन शिकणारे आजही समोर ठेवून बसतात. ८ मे १९०४ ला तो गेला. त्याच महिन्यात पॅरिसमध्ये मारेही गेला. यंत्र आणि तबकड्या मायब्रिजने किंग्स्टनच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या होत्या, त्या तिथे अजून आहेत. नदीवर रोइंग क्लबही आहे. मायब्रिजचं दहन झालं ते वुकिंगला. आयुष्यभर नावाचं स्पेलिंग घडवत बसलेल्या या माणसाच्या तिथल्या दगडावर आडनाव कोरलंय मेब्रिज.